शत्रुराष्ट्राचा नागरिक, वय सतरा : वॉल्टर कोन यांचे प्रकरण

१९९८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. त्यांपैकी वॉल्टर कोन यांनी रसायनशास्त्राचा शेवटचा तास केला त्याला तेव्हा अठ्ठावन्न वर्षे झाली होती. तो तास इंग्लंडमधल्या एका शाळेतला, त्यांच्या सतराव्या वर्षातला. पुढे ते टोरांटो विद्यापीठात शिकले, पण तिथल्या रसायनशास्त्राच्या इमारतीत त्यांना पाऊल ठेवायला मनाई होती. इमारतीत युद्धाचे काम चालू होते आणि कोन कागदोपत्री जर्मन होते. ज्या नाझी राजवटीने ज्यू म्हणून त्यांना शाळेतून हाकलले, तिनेच ऑस्ट्रिया गिळून त्यांना जर्मन ठरवले होते.

हा किस्सा बहुधा दैवाची गंमत म्हणून सांगितला जातो. बुद्धिमान मुलगा, दुष्ट राजवट, दूर देश आणि शेवटी मोठे बक्षीस. या सांगण्यात कोन यांची बुद्धी सोडून बाकीचे सगळे दिसेनासे होते. प्रत्यक्षात या मुलाचे आयुष्य वयाच्या अटी, ओळखीपाळखी, एका सरकारी हुकुमाची तारीख आणि नियमातून वाट काढणारा एखादा अधिकारी यांवर टांगलेले होते. कोन यांनी आपल्या आयुष्याची हकिकत स्वतः थोडक्यात लिहून ठेवली आहे. तिच्या आधारे हे प्रकरण नीट तपासता येते.

व्हिएन्ना : नकोसा वारसा

कोन यांचा जन्म ९ मार्च १९२३ चा, व्हिएन्नातला. घर मध्यमवर्गीय ज्यू. वडील सालोमोन मोरावियातले, आई गिटेल गॅलिशियातल्या ब्रोडीची; दोघेही जुन्या ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्याच्या टोकांकडून राजधानीत आलेले. आईला जर्मन, लॅटिन, पोलिश, फ्रेंच उत्तम येत. वडिलांचा धंदा कलात्मक पोस्टकार्डांचा: समकालीन चित्रकारांकडून चित्रे करून घ्यायची आणि ती उंची कार्डांवर छापायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत धंदा जोरात होता. पुढे पहिल्या महायुद्धात भागीदार भाऊ गेला, साम्राज्य मोडले, मंदी आली, आणि वडील एका अडचणीतून दुसरीत असा गाडा ओढत राहिले.

आपल्या मागे हा धंदा वॉल्टर चालवणार असे घरात न बोलताच ठरलेले होते. त्याला त्यात काडीचा रस नव्हता. त्याला लॅटिन आवडे. त्या भाषेची बांधणी आणि आटोपशीरपणा. गणितात गती नव्हती. शाळेत 'क' श्रेणी एकाच विषयात मिळाली, ती गणितात. पुढे सैद्धांतिक भौतिकीत नाव काढणाऱ्या माणसाची ही नोंद ध्यानात ठेवावी, कारण 'जात्याच हुशार होता' हे स्पष्टीकरण या प्रकरणाला लागू पडत नाही.

१२ मार्च १९३८ रोजी जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. वॉल्टरला पंधरावे पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. धंदा जप्त झाला. वडिलांनी मात्र तो बिनपगारी चालवत राहायचा असा हुकूम होता. म्हणजे आपल्याच दुकानात वेठबिगारी. थोरली बहीण मिना लवकरच इंग्लंडला निघून जाऊ शकली. वॉल्टरला त्याच्या नामांकित सरकारी शाळेतून काढून टाकले.

त्या वर्षीच्या शरदात तो खायेस गिम्नॅझियम या ज्यू शाळेत दाखल झाला, आणि गणिताची नावड तिथे संपली. भौतिकी शिकवायला एमिल नोहेल होते, गणिताला व्हिक्टर साबाथ. शाळेच्या भिंतीबाहेर माणसांना रस्ते घासायला लावत होते, मारहाण रोजची होती, आणि आत हे दोघे आपापला विषय जीव ओतून शिकवत होते. विज्ञानाची ओढ आपल्याला या दोघांमुळे लागली, असे कोन यांनी कृतज्ञतेने लिहिले आहे. दोन्ही शिक्षक पुढे नाझींच्या हातून मारले गेले.

बाहेर पडण्याची फट

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनी-ऑस्ट्रियात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनागृहे, जाळली गेली, त्यांची दुकाने फोडली गेली. त्यानंतर ब्रिटनने एकट्या मुलांना, आईवडिलांशिवाय, तात्पुरता आसरा द्यायचे ठरवले. वयाची अट सतराखाली. खर्चाचा भार सरकारवर नाही. स्वयंसेवी संस्था आणि खासगी कुटुंबांनी तो उचलायचा. डिसेंबर १९३८ पासून युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुले अशी बाहेर पडली. याला किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात. ब्रिटनच्या या कृतीचे कौतुक व्हायलाच हवे, पण आईवडिलांना मात्र दार बंद होते, हेही त्याच कौतुकाच्या ओळीत लिहायला हवे. फलाटावर निरोप देणाऱ्या बहुतेकांची मुलांशी पुन्हा गाठ पडली नाही.

वॉल्टर ऑगस्ट १९३९ मध्ये इंग्लंडला पोहोचला. युद्धाला तीन आठवडे उरले होते. त्याचे वय सोळा. सात महिन्यांनी मोठा असता तर 'मुलगा' म्हणून त्याला प्रवेश मिळाला नसता, आणि महिनाभर उशीर झाला असता तर गाडीच नव्हती.

इंग्लंडमध्ये त्याला ठेवून घेणारे कोण? ससेक्समधले चार्ल्स आणि ईव्हा हाउफ. वॉल्टरला त्यांनी आधी कधी पाहिलेले नव्हते. मग ओळख कुठली? चार्ल्स हाउफ कलाप्रकाशनाच्या धंद्यात होते आणि सालोमोन कोन यांच्याशी त्यांचा व्यवहार होता. जो धंदा वॉल्टरला नको होता, ज्याच्या वारशाकडे तो नाइलाज म्हणून पाहत होता, त्या धंद्याच्या पत्रव्यवहारातून त्याला आणि मिनाला इंग्लंडमध्ये घर मिळाले. नाझींनी धंदा जप्त केला, पण वडिलांनी वर्षानुवर्षे जोडलेली बाहेरची माणसे त्यांना जप्त करता आली नाहीत. माझ्या मते या सबंध प्रकरणातली ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. पळून आलेल्या माणसाकडे 'काहीच नव्हते' असे आपण सरसकट म्हणतो. त्याच्याकडे वडिलांची व्यापारातली पत होती. ज्यांच्या घरी परदेशात ओळखीचे कोणी नव्हते, अशा हजारो मुलांकडे तीही नव्हती.

इंग्लंडमध्ये वॉल्टरचा पहिला बेत शेतकरी होण्याचा. मंदीच्या काळात त्याने बेकार बसलेले शिकलेले लोक इतके पाहिले होते की शिक्षणावरचा त्याचा विश्वासच उडाला होता. केंट परगण्यातल्या एका प्रशिक्षण-शेतावर तो कामाला लागला. तिथे मेंदूज्वराने आजारी पडला आणि अंगातली ताकद गेली. मग जानेवारी १९४० मध्ये हाउफ पतिपत्नींनी त्याला ईस्ट ग्रिन्स्टेडच्या शाळेत घातले. शेती सुटली ती आजारपणामुळे. गणित, भौतिकी, रसायन या विषयांवर त्याचे लक्ष लागते न लागते तोच मे महिना उजाडला.

धरून आणा

मे १९४० मध्ये जर्मन सैन्य पश्चिम युरोप तुडवत निघाले होते आणि ब्रिटनमध्ये घबराट होती. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांची छाननी केलीच होती. सत्तर हजारांहून अधिक लोक त्या समित्यांपुढे उभे राहिले आणि बहुतेकांना निर्धोक ठरवले गेले. आता ती छाननी बाजूला पडली. सगळ्यांना धरा, असा चर्चिल यांचा आदेश. सुरुवात किनारपट्टीच्या परगण्यांपासून झाली: सोळा ते साठ वयाचे सगळे पुरुष. ससेक्स किनाऱ्यावरचे, आणि वॉल्टर नुकताच सतरा वर्षांचा झालेला.

नऊ महिन्यांपूर्वी जो 'सतराखालचा' म्हणून बालक ठरला होता, तोच आता 'सोळावरचा' म्हणून शत्रू ठरला. दोन्ही नियम एकाच देशाचे. दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या भीती, आणि मध्ये सापडलेला एक मुलगा. तो एकटा नव्हता. किंडरट्रान्सपोर्टने आलेल्यांपैकी सुमारे हजार जण असे स्थानबद्ध झाले. त्या उन्हाळ्यात धरलेल्यांचा एकूण आकडा सत्तावीस हजारांच्या आसपास होता.

इथे आपल्याकडचीही एक नोंद करायला हवी. ब्रिटिश हिंदुस्थानातही तेच सूत्र चालले. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना धरून अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत आणले गेले. त्यांत हिटलरचे भक्त होते आणि हिटलरपासून पळून मुंबई गाठलेले ज्यूही होते. पासपोर्टचा रंग सारखा, म्हणून छावणीही एकच. पुढे तपासणी होऊन बरेच ज्यू सुटले. काहींना परत धरलेही गेले.

वॉल्टरचे दोन महिने ब्रिटनमधल्या वेगवेगळ्या छावण्यांत गेले. त्यांपैकी एक आयल ऑफ मॅन बेटावरची. ईस्ट ग्रिन्स्टेडच्या शाळेने त्याला अभ्यासाची पुस्तके छावणीत पाठवली. कुणातरी शिक्षकाने किंवा मुख्याध्यापकाने पोलिसांनी नेलेल्या मुलाचे नाव पटावरून खोडून टाकायचे नाही असे ठरवले असणार. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

जुलै १९४० मध्ये त्याची रवानगी कॅनडाला झाली. जर्मन पाणबुड्यांनी भरलेल्या अटलांटिकमधून, जहाजांच्या ताफ्यातून. धोका नुसता बोलण्यापुरता नव्हता. २ जुलैलाच 'अरँडोरा स्टार' हे स्थानबद्धांना घेऊन कॅनडाकडे निघालेले जहाज पाणबुडीने बुडवले होते आणि आठशेहून अधिक माणसे दगावली होती.

तारेच्या आतली शाळा

कॅनडाने १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत पाच हजारांहून कमी ज्यू निर्वासितांना थारा दिला. एवढ्या विस्तीर्ण देशाच्या मानाने ही संख्या लाजिरवाणी आहे. पण ब्रिटनने 'घातक शत्रू' म्हणून पाठवलेल्या कैद्यांत सुमारे तेवीसशे निर्वासित निघाले, बहुतेक ज्यू. ज्यांना व्हिसा मागून मिळाला नसता, ते बेड्यांच्या वाटेने कॅनडात शिरले. त्यांतले हजाराच्या आसपास पुढे तिथेच राहिले.

वॉल्टरला क्वेबेक शहरातून आगगाडीने त्रॉ-रिव्हिएरच्या छावणीत नेले. तिथे जर्मन नागरी कैदी आणि त्याच्यासारखे निर्वासित एकाच कुंपणात होते. पुढे क्वेबेक आणि न्यू ब्रन्सविक प्रांतांतल्या आणखी छावण्या झाल्या. कामाला जंगलतोड. मजुरी दिवसाला वीस सेंट.

याच छावण्यांत त्याचे शिक्षण झाले. धरपकडीत केंब्रिज-ऑक्सफर्डचे संशोधकही सापडले होते, त्यामुळे कुंपणाच्या आत विद्वानांचा सुकाळ होता. मॅक्स पेरुट्झ, हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड ही विज्ञानात पुढे गाजलेली नावे त्याच वर्षी कॅनडाच्या छावण्यांत होती. (भौतिकीतज्ज्ञ क्लाउस फुक्सही होता. तो लवकर सुटला, अणुबाँबच्या कामात शिरला आणि सोव्हिएत संघाला गुपिते पोचवू लागला. हजारो निरुपद्रवी माणसे अडवणाऱ्या चाळणीतून हा मात्र आरामात गळला.) त्रॉ-रिव्हिएरमध्ये व्हिएन्नाचेच गणिती फ्रिट्झ रोथबर्गर संच-सिद्धांत शिकवत. वर्गात विद्यार्थी दोन, त्यांतला एक वॉल्टर. रोथबर्गर अतिशय साधे, मायाळू गृहस्थ. आपल्या विषयावरचे त्यांचे प्रेम हळूहळू विद्यार्थ्यांत झिरपत गेले, असे कोन सांगतात. दुसऱ्या एका छावणीत कलेतिहासाचे अभ्यासक हेक्शर यांनी शिक्षण अर्धवट राहिलेल्या पोरांसाठी रीतसर शाळा उभी केली. कॅनडाच्या रेड क्रॉसने आणि तिथल्या ज्यू दात्यांनी मदत केली. त्या शाळेतून वॉल्टरने मॅकगिल विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला.

लाकूडतोडीचे वीस-वीस सेंट साठवून त्याने दोन पुस्तके विकत घेतली: एक हार्डी यांचे शुद्ध गणितावरचे, दुसरे स्लेटर यांचे रासायनिक भौतिकीवरचे. ती दोन्ही त्यांनी म्हातारपणापर्यंत जपली. कैदेतल्या मजुराने आपल्या कमाईतून रसायनाशी नाते सांगणारे पुस्तक घ्यावे, आणि पुढे त्याच विषयाची इमारत त्याला बंद व्हावी!

या भागाबद्दल एक सावधगिरी बाळगावी. 'छावणी म्हणजे विद्यापीठच जणू' असे लिहिण्याचा मोह होतो आणि पुष्कळांनी तसे लिहिले आहे. ती कैदच होती. आईवडील व्हिएन्नात अडकलेले आणि मुलगा मित्रराष्ट्राच्या तारेआड, हेर असल्याचा संशय डोक्यावर घेऊन. छावणीतली शाळा कैद्यांनी उभी केली. तिचे श्रेय कैद करणाऱ्यांच्या खात्यावर जमा करू नये.

टोरांटो : दोन बेत

तो हेर नसल्याचा निर्वाळा स्कॉटलंड यार्डने, म्हणजे लंडनच्या पोलीस खात्याने, दिला आणि जानेवारी १९४२ मध्ये वॉल्टर सुटला. टोरांटोत डॉ. ब्रूनो मेंडेल आणि त्यांच्या पत्नी हेर्टा यांनी त्याला आणि त्याचा मित्र जोसेफ आयसिंगर याला घरात घेतले; आणखी तीन निर्वासित तरुणांचा भारही त्यांनी उचलला होता. मेंडेल स्वतः हिटलरच्या काळात जर्मनी सोडून आलेले. मागे वळून पाहिले तर ही साखळीच दिसते. छावणीतले गुरू रोथबर्गर निर्वासित, आश्रय देणारे मेंडेल निर्वासित. आधी पार झालेला मागून येणाऱ्याला हात देत होता.

सुटल्यावर वॉल्टरने ठरवले होते: भौतिकी नको, इंजिनियरिंग करायचे. कारण युद्ध संपल्यावर आईवडिलांना पोसायचे होते. या वाक्याशी वाचकाने जरा थांबावे. अठरा वर्षांचा मुलगा आवडीला मुरड घालून नोकरीचा हिशेब करतो आहे, आणि त्या हिशेबात आईवडील येणार हे त्याने गृहीत धरले आहे. त्या वेळी ते हयात होतेही. पुढे त्यांना टेरेझिनच्या ज्यू बंदीवस्तीत नेले गेले आणि तिथून आउशविट्झच्या मृत्युछावणीत. १९४४ मध्ये दोघेही मारले गेले.

मेंडेलनी त्याची गाठ लिओपोल्ड इनफेल्ड यांच्याशी घालून दिली. हे आइनस्टाइन यांच्याबरोबर काम केलेले भौतिकीतज्ज्ञ. दिवाणखान्यात बसून त्यांनी मुलाची तोंडी परीक्षाच घेतली आणि सांगितले की तुझा ओढा भौतिकीकडे आहे, गणित-भौतिकीचा अभ्यासक्रम घे, पोटापुरते त्यातूनही इंजिनियरइतकेच मिळेल. इनफेल्ड यांनी मुलाची काळजी मोडीत काढली नाही. तिचा मान ठेवूनच वाट सुचवली. सल्ला देणाऱ्यांनी शिकावे असे हे आहे.

अडचण मात्र इथेच उभी राहिली. त्या अभ्यासक्रमाला रसायनशास्त्र सक्तीचे होते, आणि जर्मन नागरिकाला त्या इमारतीत प्रवेश नव्हता. नियम दोन्ही बाजूंनी बरोबर होते आणि दोन्ही मिळून मुलाची वाट बंद होत होती. गणित विभागाचे प्रमुख आणि अधिष्ठाता सॅम्युएल बीटी यांनी यातून वाट काढली: कोन आणि आणखी काही जणांना 'विशेष विद्यार्थी' म्हणून दाखल करून घ्या, दर्जा नंतर नियमित करू. एकदोन वर्षांनी तो झालाही. बीटींनी सरकारशी भांडण केले नाही, जाहीर निषेधही केला नाही. त्यांच्या अधिकारात एक रकाना होता, तो त्यांनी वापरला. हाच अधिकार ज्यांच्याकडे होता असे इतर विद्यापीठांत किती जण असतील, आणि त्यांच्या टेबलावरून 'अपात्र' शेरा घेऊन किती अर्ज परत गेले असतील, याचा हिशेब कुठेच नाही. यशस्वी प्रकरण अभ्यासायला घेतले की ही अडचण येतेच. न सुटलेली प्रकरणे कुणी लिहून ठेवत नाही.

शिक्षण पुरे होण्याआधीच कोन कॅनडाच्या सैन्यात भरती झाले. चार वर्षांच्या अभ्यासक्रमापैकी अडीच वर्षांच्या जोरावर त्यांना पदवी मिळाली. ज्याला चार वर्षांपूर्वी शत्रू म्हणून जहाजात कोंबले, त्याच्या अंगावर आता मित्रराष्ट्राचा गणवेश होता.

नंतर

पुढचा भाग प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. १९४८ मध्ये हार्वर्डला ज्युलियन श्विंगर यांच्या हाताखाली डॉक्टरेट, मग पिट्सबर्ग, मग कॅलिफोर्निया. १९६३-६४ मध्ये पॅरिसला असताना पिएर होहेनबर्ग यांच्यासह त्यांनी डेन्सिटी फंक्शनल थिअरीचा पाया घातला. पुढच्या वर्षी लू शाम यांच्याबरोबर ती प्रत्यक्ष गणितात वापरता येईल अशी केली. पदार्थातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग काढू गेले तर इलेक्ट्रॉन वाढतील तसे समीकरण हाताबाहेर जाते. कोन यांनी दाखवले की इलेक्ट्रॉनांची एकूण घनता कुठे किती आहे एवढे कळले तरी पदार्थाच्या किमान ऊर्जेच्या अवस्थेची माहिती त्यातून निघते. आज नवी औषधे, उत्प्रेरक, बॅटरीचे पदार्थ यांवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही, या पद्धतीने गणिते केली जातात. १९७९ मध्ये सांता बार्बराच्या सैद्धांतिक भौतिकी संस्थेचे ते पहिले संचालक झाले. सॅन डिएगोच्या विद्यापीठात ज्यू अभ्यासाचा विभाग उभारण्यात त्यांचा वाटा होता. १९ एप्रिल २०१६ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी ते वारले.

नोबेलनंतर ऑस्ट्रियाला त्यांची आठवण झाली. 'आमच्या व्हिएन्नाचा' असे म्हणायला कोणाला आवडणार नाही? कोन यांनी मात्र स्वच्छ लिहून ठेवले की जन्मभूमीबद्दलच्या आपल्या भावना अत्यंत वेदनादायक आहेत आणि तशाच राहतील. ज्यू मुलगा म्हणून त्या राजवटीखाली काढलेले दीड वर्ष आणि आईवडिलांची, नातलगांची, शिक्षकांची हत्या त्यांच्या मनातून गेली नव्हती. त्याच वेळी, आपल्याहून एकदोन पिढ्या लहान असलेल्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांबरोबर काम करायला आपल्याला आवडते, असेही त्यांनी सांगितले आणि तसे कामही केले.